मनाचें औषध आणि देहाचें वजन

दुखण्यांतून उठलेल्या माणसानें अंग धरलें असें आपण म्हणतों, तेव्हां बोलणाराच्या स्वरांत समाधान असतें. क्षयरोग्याच्या बाबतींत तर एक काळ असा होता कीं, वजनांत पौंडभर भर पडली तरी घरांत आनंद होई. नैराश्यावरील औषधांचा इतिहास सांगतांना ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी लागते. कारण त्यांतील पहिल्या पंक्तीचें एक औषध क्षयरोग्यांच्या खाटेपासूनच निघालें, आणि वाढलेलें वजन हें त्या वेळीं त्याचें भूषण होतें, दूषण नव्हतें.

न्यूयॉर्क शहरांतील स्टॅटन आयलंड बेटावर सी व्ह्यू नांवाचें क्षयरुग्णालय होतें. तेथें एडवर्ड रोबिट्झेक, आयर्विंग सेलिकॉफ प्रभृति डॉक्टरांनीं आयप्रोनियाझिड हें नवें द्रव्य रोग्यांस देऊन पाहिलें, व १९५२ सालीं त्याचा बोभाटा झाला. ज्यांच्या जगण्याची आशा सुटली होती त्यांना भूक लागूं लागली, त्यांचें वजन वाढलें, आणि कित्येक इतके उल्हसित झाले कीं, नाचणाऱ्या रोग्यांचें छायाचित्र वृत्तपत्रांतून झळकलें. हा उल्हास मनावर होणारा औषधाचाच गुण असूं शकेल, हा विचार त्यांतूनच बळावला. १९५७ सालीं नेथन क्लाइन यांनीं नैराश्याच्या रोग्यांवरील आपला अनुभव मांडला. त्याच सालीं स्वित्झर्लंडांतील म्युन्स्टरलिंगेन येथील रोलांड कून यांनीं इमिप्रामीन या निराळ्या औषधाचे गुण प्रसिद्ध केले. आयप्रोनियाझिड यकृतास बाधक ठरून अमेरिकेंत १९६१ सालीं मागें घेण्यांत आलें. इमिप्रामीनचा वंश मात्र वाढला, आणि त्याच १९६१ सालीं त्याचें भावंड ॲमिट्रिप्टिलीन तेथील बाजारांत आलें.

येथें मापाचा प्रश्न उत्पन्न झाला. औषधाचा गुण किती आला हें ठरविण्यासाठीं मॅक्स हॅमिल्टन यांनीं १९६० सालीं लक्षणांची एक मोजपट्टी तयार केली व ती जगभर रूढ झाली. तिच्या १७ कलमांत वजन घटल्याचें कलम आहे, वाढल्याचें नाहीं. म्हणजे घट थांबली कीं त्या कलमापुरता रोग उतरला. पुढें तें वीस पौंडांनीं वाढलें तरी कागदावर शून्यच. हॅमिल्टन यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांनीं ही मोजपट्टी ज्या रोग्यांसाठीं केली ते अन्न टाकलेले, झोप उडालेले, झिजलेले असत. त्यांचें वजन वाढणें हें सुधारणेचेंच लक्षण होतें. परंतु ज्या रोगिणीची तक्रार ‘हें औषध घेऊं लागल्यापासून गोडाची हाव सुटली आहे, जुने कपडे अंगाला होत नाहींत’ अशी असे, तिला ‘तुम्ही बऱ्या होत आहां’ एवढेंच उत्तर देऊन मोकळें होण्याची सोय या मापानें करून ठेविली. रोगिणीच्या तोंडची साक्ष ऐकून घेण्यापेक्षां कोष्टकावर विश्वास ठेवणें सोपें असतें!

या उत्तराची खरी परीक्षा १९७३ सालीं झाली. युजीन पेकेल व त्यांचे सहकारी यांनीं ॲमिट्रिप्टिलीन घेणाऱ्यांचें वजन पाहिलें. कांहींचें औषध पुढें चालू होतें, कांहींचें बंद केलें होतें. चालू ठेवणारांचें वजन वाढत राहिलें, सोडणारांचें उतरलें. गोड व पिष्टमय पदार्थांची वासनाही त्यांनीं नोंदली. वाढ केवळ आरोग्याची असती, तर औषध सोडतांच ती ओसरण्याचें कारण नव्हतें. या औषधांचा मेंदूंतील हिस्टामीनच्या ग्राहकांवर परिणाम होतो व त्यानें भूक चाळवते, हें आज त्याचें एक प्रमुख कारण मानतात. १९८० सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत भूक वाढणें व वजन वाढणें हींही नैराश्याचीं लक्षणें म्हणून आलीं. अर्थात् वाढ रोगाची कीं औषधाची, हा गुंता आणखीच वाढला.

अमेरिकेंत १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्झेटीनला परवानगी मिळाली, तेव्हां पारडें उलट्या बाजूस झुकलें. ‘प्रोझॅक’ या नांवानें गाजलेलें हें औषध आरंभीं वजन किंचित् उतरवितें, म्हणून लठ्ठपणावरही तें अजमावून पाहिलें. परंतु वर्षभरांत उतरलेलें वजन बहुधा परत येई. १९९९ सालच्या एका अभ्यासांत तर असें दिसलें कीं, बरे झालेल्यांपैकीं फ्लुओक्झेटीन घेणारे व निव्वळ खोटी गोळी घेणारे, दोघांचेंही वजन पुढें वाढलें. म्हणजे जुन्या डॉक्टरांचें उत्तर सर्वस्वीं खोटें नव्हतें. तें सर्वांना सरसकट देणें हा अन्याय होता. ब्युप्रोपिऑनची कथा याहूनही विलक्षण आहे. १९८५ सालीं मान्यता मिळालेलें हें औषध आकडीच्या भयानें दुसऱ्याच वर्षीं मागें घेतलें गेलें, १९८९ सालीं कमी मात्रेनें परतलें, आणि २०१४ सालीं नाल्ट्रेक्सोनच्या जोडीनें लठ्ठपणावरील औषध म्हणूनच अमेरिकेंत संमत झालें.

अलीकडचे आंकडे पाहावे. ब्रिटनमधील सुमारें तीन लाख लोकांच्या नोंदींवरून २०१८ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, हीं औषधें घेणारांत निदान पांच टक्के वजन वाढण्याचा संभव इतरांहून २१ टक्क्यांनीं अधिक होता. औषध हेंच कारण असें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं. २०२४ च्या अमेरिकन अभ्यासांत आठ औषधांची तुलना आहे. सहा महिन्यांअखेर सर्ट्रालीनच्या मानानें एसिटॅलोप्रॅम घेणारांचें वजन सरासरी ०.४१ किलोनें अधिक, तर ब्युप्रोपिऑन घेणारांचें ०.२२ किलोनें कमी भरलें. अंतर लहान आहे हें खरें. पण सरासरी कोणाच्याच अंगावर चढत नसते. एकाचें वजन जागचें हलत नाहीं, दुसऱ्याचें दहा किलोंनीं वाढतें, आणि तो दुसरा कोणास न सांगतां गोळ्या सोडतो. अशा रीतीनें एकाएकीं औषध टाकल्यानें चक्कर, अस्वस्थता व निद्रानाश होऊं शकतो, आणि गेलेला रोग परतण्याचें भय असतें तें निराळेंच. त्यानें तक्रार डॉक्टरांपुढें मांडली असती तर मात्रा किंवा औषध बदलतां आलें असतें. परंतु मांडलेली तक्रार हंसण्यावारी जाईल असें ज्याला वाटतें, तो ती मांडीत नाहीं.

मिर्टाझापीन हें १९९६ सालीं अमेरिकेंत आलेलें औषध भूक फार वाढवितें. अन्न तुटलेल्या, खंगलेल्या वृद्धास डॉक्टर आज तें पुष्कळदां मुद्दाम देतात, आणि महिन्याभरानें त्याला काट्यावर उभा करून वाढलेला आंकडा घरच्यांस समाधानानें दाखवितात.