सक्तीविरहित श्वानप्रशिक्षण

सक्तीविरहित श्वानप्रशिक्षण म्हणजे मारहाण, धाक, गळफास किंवा विजेचा झटका यांचा वापर न करता, कुत्र्याला हव्या असलेल्या गोष्टींच्या (खाऊ, खेळ, मोकळीक, माणसाची जवळीक) आधारे त्याला इष्ट वर्तन शिकविण्याची पद्धत होय. पिल्लांचे संगोपन आणि माणसे, वाहने किंवा इतर कुत्री दिसताच भुंकणाऱ्या, अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्यांचे वर्तन सुधारणे, या दोन कामांसाठी ती मुख्यतः वापरली जाते. अशा कुत्र्यांना प्रशिक्षक 'प्रतिक्रियाशील' म्हणतात. बोलीभाषेत त्यांना सरसकट 'चावरे' ठरवले जाते. मराठवाड्यातील लातूर व नांदेड जिल्ह्यांत कारवानी आणि पश्मी ही शिकारी कुत्री पाळण्याची जुनी परंपरा आहे. या कुत्र्यांच्या बाबतीत या पद्धतीचे बळ जसे दिसते, तशाच तिच्या मर्यादाही दिसतात.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी श्वानप्रशिक्षणाला पोलीस व सैन्यदलांच्या गरजेतून शिस्तबद्ध रूप आले. जर्मन पोलीस अधिकारी कोन्राड मोस्ट यांचे १९१० सालचे पुस्तक या परंपरेतील आद्य ग्रंथांपैकी एक मानले जाते. गळपट्ट्याला हिसका देणे हे तिचे प्रमुख साधन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच रीत घरगुती कुत्र्यांपर्यंत पोहोचली.

तिला पर्याय निघाला तो प्राणिवर्तनाच्या प्रयोगशाळांतून. ज्या वर्तनाचा परिणाम समाधानकारक असतो ते वर्तन पुन्हा घडते, हा एडवर्ड थॉर्नडाइक यांचा निष्कर्ष बी. एफ. स्किनर यांनी साधक अभिसंधानाच्या सिद्धान्तात विकसित केला. स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलंड यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक तत्त्वावर प्राणी शिकविण्यास सुरुवात केली. पुढे सागरी प्राण्यांच्या प्रशिक्षकांनी ही पद्धत उचलली, आणि त्यामागे दयाबुद्धीपेक्षा निरुपाय अधिक होता: डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही आणि त्याला धाक दाखवला तर तो पोहत निघून जातो. शिट्टी वाजवून नेमका क्षण दर्शवायचा व मग मासा द्यायचा, ही त्यांची युक्ती कॅरन प्रायर यांच्या १९८४ मधील पुस्तकामुळे श्वानपालकांपर्यंत गेली.

'कुत्रा मालकावर वर्चस्व गाजवू पाहतो, म्हणून त्याला नमवले पाहिजे' ही समजूत रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासावरून रूढ झाली. तिचा प्रसार करणाऱ्या ग्रंथांपैकी एकाचे लेखक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये दाखवून दिले, की रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे सहसा आईबाप व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. त्यात सत्तेसाठी सतत झगडा चाललेला नसतो. तरीही ही समजूत टिकून आहे. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच' ही म्हण मराठीत स्वभाव न बदलण्याचा दाखला म्हणून दिली जाते. वर्तनशास्त्राचे म्हणणे असे, की स्वभाव पुष्कळसा कायम राहत असला तरी त्यातून कोणते वर्तन प्रकट होईल हे शिकण्यावर अवलंबून असते.

कारवानी व पश्मी

कारवानी हा निमुळत्या तोंडाचा, खोल छातीचा, लांब पायांचा, नजरेने सावज टिपून धावणारा कुत्रा आहे. व्यापारी काफिल्यांबरोबर आलेल्या पश्चिम व मध्य आशियाई शिकारी कुत्र्यांशी त्याचे नाते जोडले जाते व नावही काफिल्यावरून, म्हणजे 'कारवाँ'वरून आले असे मानतात. कान, पाय व शेपटीवर लांब केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. फारसीत 'पश्म' म्हणजे लोकर. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद 'कॅरव्हान हाउंड' अशी करते, तर कर्नाटकातील मुधोळ संस्थानामुळे 'मुधोळ हाउंड' हे नाव अधिक प्रसिद्ध झाले. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते.

नांदेड जिल्ह्याच्या लोकधर्मातही कुत्र्याला स्थान आहे. माहूरच्या दत्तशिखरावर पुजल्या जाणाऱ्या दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री दाखवतात व त्यांना चार वेदांचे रूप मानतात. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांच्या बाजाराबरोबर श्वानप्रदर्शनही असते.

कारवानी कुत्रा घरच्यांशी एकनिष्ठ आणि परक्यांशी अलिप्त असतो. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला सहसा रुचत नाही. ही अलिप्तता म्हणजे आक्रमकता नव्हे. मात्र बळजबरीने हात लावला, कोपऱ्यात गाठले किंवा साखळीला आखडून धरले, तर तिचे रूपांतर गुरगुरण्यात व पुढे चाव्यात होऊ शकते.

पिल्लांचे सामाजिकीकरण

जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासानुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीत निर्णायक असतो. या काळात ज्या माणसांचा, आवाजांचा, प्राण्यांचा सुखद परिचय होतो, त्यांची पुढे भीती वाटत नाही. ज्यांचा परिचयच होत नाही, ते संशयास्पद ठरतात. श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. म्हणजे या मोलाच्या काळाचा मोठा भाग पिल्लू पैदासकाराकडेच असते, आणि गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढलेले पिल्लू विकत घेणाऱ्याच्या हाती काही संधी आधीच गेलेली असते.

येथे एक खरा पेच आहे. लसीकरण पूर्ण होण्यास पिल्लू साधारण चार महिन्यांचे व्हावे लागते, आणि पार्व्होसारख्या प्राणघातक रोगाच्या भीतीने तोवर त्याला घराबाहेर काढले जात नाही. अमेरिकन पशुवैद्यकीय प्राणिवर्तन संस्थेच्या मते पहिल्या लसीनंतर सुमारे आठवड्याने, काळजीपूर्वक, परिचयाला सुरुवात करावी. पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन बसस्थानक, आठवडी बाजार, शाळेचा सुटण्याचा वेळ, ट्रॅक्टर, बैलगाडी, पागोटेवाला म्हातारा, हेल्मेट घातलेला मोटारसायकलस्वार हे सारे दुरून दाखवणे व प्रत्येक वेळी खाऊ देणे, हा सोपा मार्ग होय. पिल्लू दचकून अंग चोरू लागले तर अंतर वाढवतात. 'सवय होईल' म्हणून त्याला गर्दीत लोटत नाहीत. माळेगावसारख्या यात्रेतील ढोल, घोडे व माणसांची दाटी अजाण पिल्लासाठी पहिला धडा म्हणून अयोग्यच.

पिल्लाचे हातापायांना चावणे खेळाचा भाग असते. त्याच्या तोंडावर चापट मारल्यास हात जवळ येणे हाच त्याच्यासाठी धोक्याचा इशारा बनतो. त्याऐवजी चावण्यास दोरी किंवा चिंधी देऊन, दात अंगाला लागताच खेळ क्षणभर थांबवतात.

प्रतिक्रियाशील कुत्री

वर्तनोपचारातील कळीचा प्रश्न 'कुत्रा काय करतो' हा नसून 'कशासाठी करतो' हा असतो. भुंकत अंगावर जाणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना समोरचा दूर जायला हवा असतो, आणि वाटसरू खरोखरच निघून जातो. त्यामुळे प्रत्येक भुंकणे यशस्वी ठरून पक्के होत जाते. 'भुंकणारे कुत्रे चावत नाही' ही म्हण म्हणूनच भरवशाची नाही. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते. त्याबद्दल मार बसला तर भीती तशीच राहते, फक्त सूचना नाहीशी होते. 'काही न करता एकदम चावला' अशी ज्यांची तक्रार होते, त्यांतील अनेक कुत्री अशा मार्गाने घडलेली असतात.

उपचाराचे तत्त्व दुहेरी आहे. भीतिदायक गोष्ट इतक्या अंतरावरून दाखवायची की कुत्र्याला ती दिसते, पण तो भडकत नाही. हे अंतर अनेक दिवसांत हळूहळू कमी करायचे. त्याच वेळी ती गोष्ट दिसताच उकडलेल्या कोंबडीचा किंवा अंड्याचा तुकडा द्यायचा. क्रम महत्त्वाचा असतो: आधी परका माणूस, मग खाऊ. उलट झाले तर खाऊच संकटाची चाहूल ठरतो. इव्हान पाव्हलॉव्ह यांनी रशियात वर्णिलेल्या अभिजात अभिसंधानाचा हा व्यावहारिक उपयोग आहे. मुलांच्या भीतीवर हाच मार्ग मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये वापरला होता. सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला त्यांनी आवडता खाऊ देत देत ससा जवळ आणला.

खाऊ दिल्याने भुंकण्याला बक्षीस मिळते, हा सर्रास घेतला जाणारा आक्षेप आहे. येथे बदलायची असते ती भावना, आणि भीती खाऊमुळे वाढत नाही. कुत्रा खाण्यासही तयार नसेल तर अंतर फार कमी आहे एवढाच त्याचा अर्थ.

वागणुकीत अचानक बदल झाल्यास प्रशिक्षणापूर्वी पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असते. कानाचा संसर्ग, सांधेदुखी, गोचिडांमुळे होणारे ताप यांनी शांत कुत्राही चिडखोर होतो. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लस न दिलेला कुत्रा एकाएकी विचित्र वागू लागला, लाळ गाळू लागला किंवा त्याला गिळता येईना, तर रेबीजची शक्यता धरून त्याच्याजवळ जाणे टाळावे लागते. तेथे प्रशिक्षणाचा प्रश्नच उरत नाही. कोणत्याही चाव्यानंतर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित लस घेणे हाच उपाय आहे.

पाठलागाची प्रवृत्ती

कारवानीचे पळत्या सशामागे, मेंढीमागे किंवा मोटारसायकलीमागे धावणे भीतीतून येत नाही. सावज दिसणे, पाठलाग, पकड ही शिकारीची साखळी या जातीत पिढ्यान्‌पिढ्या निवडीने तीव्र केलेली आहे, आणि धावणे हेच तिचे बक्षीस असते. त्यामुळे धावू लागलेल्या कुत्र्याच्या दृष्टीने हातातील खाऊला फारशी किंमत नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यापासून ससा, काळवीट यांची शिकार गुन्हा आहे. ज्या कामासाठी हा कुत्रा घडला ते कामच अशा रीतीने गेले, त्याचे पाय मात्र तसेच राहिले. दिवसभर साखळीला बांधलेला कारवानी धुऱ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक हालचालीवर झेप घेतो, ही त्याची बंडखोरी नसून तुंबलेली ऊर्जा असते.

सक्तीविरहित पद्धतीत येथे शिकवणीपेक्षा व्यवस्थापनावर अधिक भर असतो. बंदिस्त जागेत मोकळे धावणे, काठीला बांधलेल्या दोरीच्या टोकाशी चिंधी फिरवून केलेला पाठलागाचा खेळ, दहा-पंधरा मीटरच्या लांब दोरीवर बोलावण्याचा सराव आणि सावज दिसताच मालकाकडे वळून पाहण्याची सवय हे त्याचे मुख्य भाग. लांब दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधतात, कारण भरधाव कुत्र्याला दोरीचा झटका बसल्यास मान दुखावते. या जातीचे डोके मानेहून फारसे रुंद नसल्याने साधा गळपट्टा मागे ओढताच निसटतो. म्हणून ताण आल्यावर मर्यादित आवळणारा, पण गळफास न बनणारा रुंद मार्टिंगेल पट्टा रोजच्या फिरण्यास वापरतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेव्हा सराव पहाटेच करावा लागतो. तापलेल्या डांबरावर कुत्र्याचे तळवे भाजतात.

संशोधन व वाद

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मेघन हेरॉन व सहकाऱ्यांच्या २००९ मधील पाहणीत, मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय वापरलेल्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी कुत्र्याने आक्रमक प्रतिसाद दिल्याचे सांगितले. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कठोर पद्धतीच्या वर्गांतील कुत्र्यांत तणावाची लक्षणे व लाळेतील कॉर्टिसॉलचे प्रमाण अधिक आढळले. भारतातील मोकाट कुत्र्यांविषयी कोलकात्याच्या आयसर संस्थेत झालेल्या संशोधनात असे दिसले, की अनोळखी माणसावर विश्वास बसण्यासाठी या कुत्र्यांना वारंवार मिळालेल्या खाऊपेक्षा वारंवार मिळालेले कुरवाळणे अधिक परिणामकारक ठरते.

विरोधी मतही दुर्लक्षिण्याजोगे नाही. विजेच्या झटक्याच्या गळपट्ट्यावर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात बक्षिसाची पद्धत त्या गळपट्ट्याहून कमी प्रभावी आढळली नाही. याउलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अमेरिकी प्रयोगात, पळत्या आमिषामागे धावणे थांबवण्यात झटक्याचा पट्टा जलद यशस्वी झाला आणि खाऊ वापरणारे गट अपयशी ठरले. प्रयोगाच्या आखणीवर टीका झाली, तरी पाठलाग हे या पद्धतीचे अवघड क्षेत्र आहे हे तिचे समर्थकही मान्य करतात. जेथे पूर्ण भरवसा देता येत नाही तेथे कुत्रा मोकळा सोडू नये, असे त्यांचे उत्तर असते. कुंपण नसलेल्या शेतवस्तीवर राहणाऱ्या मालकाला ते सहज पाळता येत नाही.

कायदेशीर बाजू

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार जनावरास मारणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे, हे तिन्ही गुन्हे आहेत. यांतील शेवटची तरतूद खास कुत्र्यांसाठी आहे आणि साखळीबंद शिकारी कुत्र्याला ती नेमकी लागू पडते. पहिल्या गुन्ह्यासाठी अधिनियमाने ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे.