मतदान हक्क कायदा, १९६५ (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय नागरिकांचा मतदानाचा हक्क प्रत्यक्षात आणणारा केंद्रीय कायदा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ६ ऑगस्ट १९६५ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने हक्क नव्याने दिला नाही. वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही, हे १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनेच ठरवले होते. दक्षिणेकडील राज्यांनी ती दुरुस्ती दीर्घकाळ कागदावरच ठेवली होती.

भारतात मतदारयादी तयार करणे हे निवडणूक यंत्रणेचे काम मानले जाते. अमेरिकेत मात्र नागरिकाने स्वतः कार्यालयात जाऊन नाव नोंदवावे लागे आणि अडवणूक नेमकी तिथेच होई. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी राज्यघटना करून मताधिकारासाठी डोईपट्टी आणि साक्षरता चाचणी आणली. इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. या नियमांत वर्णाचा उल्लेख कुठेही नसे. अर्जदाराने राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ सांगायचा. कलम कोणते आणि अर्थ बरोबर की चूक, हे नोंदणी अधिकारी ठरवणार. तो गोराच असे. परिणाम भयंकर झाला. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ मध्ये १,३४२ उरले.

दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न सुरू केले. त्यांपैकी एक, मेडगर एव्हर्स, १९४६ मध्ये मिसिसिपीतील आपल्या गावी मत द्यायला गेले, तेव्हा सशस्त्र गोऱ्यांनी त्यांना परतवले. १९६३ मध्ये त्यांची घरासमोर गोळी घालून हत्या झाली. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांनी न्यायालयाची वाट मोकळी केली, पण एकेका काउंटीविरुद्ध (जिल्ह्याविरुद्ध) वेगळा दावा चालवावा लागे आणि निकाल लागेपर्यंत राज्य नवा नियम काढून मोकळे होई.

नाव नोंदवण्याची किंमत काय होती, हे फॅनी लू हेमर यांच्या अनुभवावरून कळते. मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या हेमर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इंडियानोला येथे अर्ज भरायला गेल्या. चाचणीत त्यांना नापास ठरवण्यात आले आणि त्याच दिवशी मळेवाल्याने त्यांना घराबाहेर काढले. पुढील वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. मिसिसिपीत अर्जदारांची नावे वर्तमानपत्रात छापण्याचा नियमच होता. त्यामुळे मालक, सावकार आणि गुंड सर्वांना ती आयती मिळत. जून १९६४ मध्ये तेथे मतदारनोंदणीच्या मोहिमेतील जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तीन तरुणांचे खून झाले.

निर्णायक संघर्ष अलाबामातील सेल्मा येथे झाला. तेथील डॅलस काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय होते. त्यांपैकी नोंदणी जेमतेम दोन टक्क्यांची. फेब्रुवारी १९६५ मध्ये जवळच्या मॅरियन गावात पोलिसाची गोळी लागलेला जिमी ली जॅक्सन हा तरुण मरण पावला. त्याच्या निषेधार्थ ७ मार्च रोजी जॉन लुइस आणि होझेया विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६०० लोक राजधानी माँटगोमेरीकडे पायी निघाले. एडमंड पेटस पुलापलीकडे राज्य पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. ती दृश्ये त्याच रात्री देशभर दूरचित्रवाणीवर दिसली. आठ दिवसांनी जॉन्सन यांनी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत कायद्याची मागणी केली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली न्यायालयाच्या परवानगीने निघालेली यात्रा ८७ किलोमीटर चालून २५ मार्च रोजी माँटगोमेरीत पोहोचली.

कायद्याची खरी ताकद त्याच्या रचनेत होती. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ज्या राज्यात किंवा काउंटीत चाचणीची अट होती आणि निम्म्याहून कमी प्रौढांनी नोंदणी किंवा मतदान केले होते, तेथे चाचण्या तत्काळ बंद झाल्या. केंद्राला तेथे स्वतःचे नोंदणी अधिकारी पाठवता येऊ लागले. पाचव्या कलमानुसार अशा प्रदेशांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्यापूर्वी ॲटर्नी जनरल किंवा वॉशिंग्टनमधील केंद्रीय न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागे. अन्याय झाला हे नागरिकाने सिद्ध करण्याऐवजी तो होणार नाही हे सरकारने सिद्ध करायचे, हा बदल मूलगामी होता. मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६५ पूर्वीच्या ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. सेल्मातील आंदोलकांवर अत्याचार करणारा शेरीफ जिम क्लार्क १९६६ मध्ये मतपेटीतूनच पराभूत झाला.

डॅलसशेजारच्या लाउंड्स काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही १९६५ च्या आरंभी त्यांच्यापैकी एकही मतदार नव्हता. तेथील नव्या मतदारांनी स्वतःचा पक्ष काढला आणि मतपत्रिकेवरील चिन्ह म्हणून काळा बिबट्या निवडला. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने ते चिन्ह उचलले. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी १९७२ मध्ये मुंबईत उभारलेल्या दलित पँथरचे नाव याच पक्षावरून आले. अलाबामातील एका मतपत्रिकेची खूण अशी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पोहोचली.

कायद्यातील पूर्वमंजुरीसारख्या तात्पुरत्या तरतुदींची मुदत १९७०, १९७५, १९८२ आणि २००६ मध्ये वाढवण्यात आली. १९७५ मध्ये इंग्रजी न जाणणाऱ्या भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण मिळाले. १९८२ मध्ये, भेदभावाचा हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणाम पुरेसा ठरेल, अशी दुरुस्ती झाली. मात्र २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पूर्वमंजुरीचे प्रदेश ठरवणारे सूत्र कालबाह्य म्हणून रद्द केले. पाचवे कलम शब्दशः शिल्लक राहिले, पण सूत्राअभावी निष्क्रिय झाले. निकालानंतर काही तासांतच टेक्सासने आधी रोखला गेलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू करण्याची घोषणा केली. पूर्वमंजुरी पुन्हा आणण्यासाठी जॉन लुइस यांच्या नावाने मांडलेले विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडले.