मगांचा मुलूख आणि संद्वीपचे राजे

कोलकात्यात बसच्या रांगेत कुणी मध्येच घुसला, दुकानदाराने भाव दुप्पट सांगितला, की एक शब्द हमखास कानावर पडतो : 'मगेर मुलुक'. मगांचं राज्य आहे का हे? आपण 'मोगलाई लागून गेली का' म्हणतो, अगदी तसंच. गंमत अशी की बंगालमधला हा मगांचा मुलूख मोडला तो मोगलांनीच. आणि मोडणारा सरदार पुण्याच्या माणसाला चांगलाच ठाऊक आहे. त्याच्याकडे येतोच.

मग म्हणजे आराकानचे लोक, आजच्या म्यानमारच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या जोडीला फिरंगी, म्हणजे गोवा, कोची, मलाक्का इथल्या पोर्तुगीज चाकरीतून पळालेले, हाकललेले शिपाई. आणि रणभूमी म्हणजे कोलकात्याच्या खालपासून चितगावपर्यंत पसरलेली खाड्या-बेटांची जाळी. नकाशा समोर ठेवा. मेघना नदीच्या मुखाशी संद्वीप नावाचं बेट दिसेल. आज ते बांगलादेशात आहे. तिथे मीठ पिकायचं आणि ते बंगालभर जायचं. ज्याच्या हाती संद्वीप, त्याच्या हाती मिठाचा पैसा. म्हणून श्रीपूरचा केदार राय, आराकानचा राजा, मोगल आणि फिरंगी, सगळ्यांचा डोळा या एका बेटावर.

१६०२ मध्ये दोमिंगो कार्व्हाल्यू या पोर्तुगीजाने ते घेतलं, पण त्याला टिकवता आलं नाही. खरा राजा झाला तो सेबास्तियांव गोन्साल्विस तिबाव. हा १६०५ मध्ये साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला आणि मिठाच्या व्यापारात शिरला. १६०७ मध्ये आराकानच्या राजाने चितगावजवळच्या दियांगा इथे पोर्तुगिजांची कत्तल केली, त्यातून हा निसटला. १६०९ मध्ये बाकल्याच्या राजाची मदत घेऊन त्याने संद्वीप जिंकलं. महसुलाचा अर्धा वाटा त्या राजाला द्यायचा ठरला होता. तिबावने वाटा तर दिला नाहीच, उलट त्याच राजाच्या मुलखावर चालून गेला. इतिवृत्तकार सांगतात त्याप्रमाणे त्याच्यापाशी हजार पोर्तुगीज, दोन हजार एतद्देशीय शिपाई आणि ऐंशी जहाजं होती. गोव्याच्या व्हाइसरॉयचा हुकूम नाही, पोर्तुगालच्या राजाची सनद नाही. स्वतःच राजा.

मग त्याने आराकानशी मोगलांविरुद्ध तह केला आणि मदतीला आलेल्या आराकानी आरमाराचे कप्तान मारून जहाजं बळकावली. त्याचा पुतण्या आराकानकडे ओलीस होता, त्याला सुळावर चढवलं गेलं. मी आयुष्यभर गणवेश घातला. शत्रूला फसवणं मला समजतं. पण आपलं माणूस ओलीस असताना दिलेला शब्द मोडणारा सेनानी? त्याच्या हाताखाली मी एक रात्रही काढली नसती.

पुढे त्याने गोव्याकडेच हात पसरले. १६१५ मध्ये गोव्याहून आरमार आलं आणि आराकानच्या राजधानीवर चालून गेलं. तिथे डच आराकानच्या बाजूने उभे राहिले, गोव्याचा सेनापती पडला, बेत फसला. दीडदोन वर्षांत आराकानने संद्वीपही घेतलं आणि तिबाव इतिहासातून नाहीसा झाला.

पण लूट थांबली नाही. आता फिरंगी आराकानच्या आश्रयाने चितगावला राहू लागले आणि लुटीचा अर्धा हिस्सा राजाला देऊ लागले. लूट म्हणजे माणसं. शिहाबुद्दीन तालिश या मोगल इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की पकडलेल्यांच्या तळहाताला भोक पाडून त्यातून वेताची कांब ओवायचे आणि त्यांना जहाजाच्या तळाशी कोंबायचे. कोंबड्यांना टाकावेत तसे वरून कच्चे तांदूळ. हे कैदी दक्षिणेतल्या बंदरांत युरोपियन व्यापाऱ्यांना विकले जात. कधी तमलूकला आणत. तमलूक इथून लांब नाही हो!

एवढ्या मोठ्या साम्राज्याला हे चाचे का आवरेनात? सुंदरबनात मी एकदा भर ओहोटीत होडीतून गेलो. सकाळी जिथे पाणी होतं तिथे दुपारी चिखल, आणि आमची होडी तीन तास रुतून बसलेली. ज्याला भरतीची वेळ ठाऊक नाही, त्याची घोडदळं इथे कुचकामी.

हे ज्याने ओळखलं तो शाएस्तेखान. १६६३ मध्ये लाल महालात बोटं गमावली, त्यानंतर औरंगजेबाने त्याला बंगालला धाडलं. आपल्याकडे तो चेष्टेचा विषय. इथे मात्र त्याने काम नीट केलं, हे मराठी माणसानेही मान्य करावं. त्याने आधी तीनशेच्या आसपास नावा उभ्या केल्या. नोव्हेंबर १६६५ मध्ये संद्वीप घेतलं. तिथे तेव्हा दिलाल नावाचा म्हातारा राज्य करत होता, एके काळचा मोगल आरमारातलाच माणूस. त्याला ढाक्याच्या कैदेत टाकलं आणि तो तिथेच वारला. मग खानाने चितगावच्या फिरंग्यांना पैसा आणि आसरा देऊ केला. आराकानी राजाशी त्यांचं बिनसलं होतंच, ते बायकामुलांसह मोगलांकडे आले. वाटा ठाऊक असलेले खलाशीच फुटले, म्हणजे निम्मी लढाई तिथेच झाली. जंगल तोडायला ढाक्याहून कुऱ्हाडी गेल्या, किनाऱ्याने फौज आणि समुद्रातून आरमार अशी दुहेरी चाल झाली. मुलगा बुजुर्ग उमेदखान सेनापती होता. जानेवारी १६६६ अखेर चितगाव पडलं.

फुटलेल्या फिरंग्यांना ढाक्याजवळ वसवलं. ती वस्ती फिरंगीबाजार. माणसं विकणाऱ्यांना घरं मिळाली, विकली गेलेली मात्र परत आली नाहीत. शंभर वर्षांनंतर कंपनीच्या रेनेलने बंगालचा नकाशा काढला, तेव्हा सुंदरबनाच्या एका भागावर त्याने शेरा लिहिला, की मगांनी हा प्रदेश ओसाड केला.