पाच फुटांचे वर्तुळ

अमेरिकेतल्या नव्या सार्वजनिक इमारतींच्या नकाशात स्वच्छतागृहाच्या जागी बहुधा तुटक रेषेचे एक वर्तुळ दिसते. त्याचा व्यास पाच फूट, म्हणजे ६० इंच. व्हीलचेअर पूर्ण वळवता यावी म्हणून ती जागा मोकळी ठेवतात. कॉरिडॉर याहून अरुंद असेल, तर जास्तीत जास्त २०० फुटांवर दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडतील एवढी जागा द्यावी लागते. हा पाच फुटांचा आकडा आला कुठून?

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, पण खुर्चीतून कॉलेजात शिरणार कसे? १९४८ साली टिमोथी न्युजेंट यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग शाखेत अशा विद्यार्थ्यांसाठी उपक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी ती शाखा बंद झाली. विद्यार्थी दाद मागायला थेट राज्याच्या राजधानीत गेले. अखेर काहींना अर्बाना-शॅम्पेनच्या मुख्य आवारात जागा मिळाली. तिथे उतार बांधले गेले, पुढे लिफ्ट बसवलेल्या बसही धावू लागल्या.

न्युजेंट यांच्या देखरेखीखालच्या संशोधनातून १९६१ साली 'ए११७.१' हे देशातले पहिले मानक निघाले. त्यात खुर्ची ४२ इंच लांब आणि २५ इंच रुंद धरली होती, वळायला सरासरी ६० इंच चौरस जागा. हे मानक पाळणे ऐच्छिक होते. १९६८ साली केंद्र सरकारच्या इमारतींसाठी कायदा झाला. मार्च १९९० मध्ये आंदोलक खुर्च्या सोडून संसद भवनाच्या पायऱ्या सरपटत चढले आणि त्याच जुलैत अपंगांच्या हक्कांचा कायदा, 'एडीए', आला. दुकाने, हॉटेलेही त्याच्या कक्षेत आली. आकडा मात्र ६० इंचच राहिला.

दरम्यान खुर्च्या बदलल्या होत्या. हाताने ढकलायच्या हलक्या खुर्चीशेजारी बॅटरीवरची मोठी, जड खुर्ची आली. बफेलो विद्यापीठात एडवर्ड स्टाइनफेल्ड यांच्या गटाने सुमारे ५०० जणांची मापे घेतली, तेव्हा अनेकांना साठ इंच पुरत नाहीत हे दिसले. २०१७ च्या 'ए११७.१' ने नव्या बांधकामासाठी व्यास ६७ इंच केला. एडीएच्या नियमांत अजून साठच आहेत.

म्हणजे कायद्याचे माप हे किमान माप आहे, पुरेसे असेलच असे नाही. आपल्या मंडळाच्या सभागृहाचा नकाशा उद्या समोर आला, तर त्या वर्तुळाचा व्यास जरूर विचारा. सात इंच आत्ता मागणे सोपे आहे, भिंत उभी राहिल्यावर नाही.