झाड छाटताना होणारे अपघात : पहिल्या तासात काय करावे, काय टाळावे

घरावर आलेल्या फांद्या उतरवणे, वठलेले झाड पाडणे, माडाच्या झावळ्या काढणे ही कामे पावसाळ्याच्या तोंडावर एकदम वाढतात. ती करणारे बहुतेक जण कामात तरबेज असतात. तरीही अपघात होतात, आणि मग जवळची माणसे घाबरून जी घाई करतात, तिनेच काही वेळा मूळ इजेपेक्षा जास्त नुकसान होते. म्हणून हा लेख झाडावर चढणाऱ्यापेक्षा खाली उभ्या असलेल्यांसाठी आणि घरच्यांसाठी अधिक आहे.

उंचावरून पडल्यास

पडलेला माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतो. "काही झालं नाही, उठवा मला," असे म्हणतो. मग दोघे जण त्याला काखेत धरून उभा करतात आणि रिक्षात बसवतात. असे अजिबात करू नका. पाठीचा किंवा मानेचा मणका मोडलेला असला तरी आतला मज्जारज्जू तोपर्यंत शाबूत असू शकतो. उठवताना, वाकवताना तुटलेले हाड सरकून त्यावर दाबले गेले तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. पाय हलतात म्हणजे मणका ठीक आहे, असे नसते.

त्याला आहे तिथेच पडून राहू द्या. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके व मान सरळ धरावी, दुसऱ्याने 108 ला फोन करावा. चहा-पाणी देऊ नका, कारण तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे. उलटी झाली तर फक्त मान न वळवता सगळे शरीर एकाच वेळी कुशीवर करा. रुग्णवाहिका येणे शक्यच नसेल तर रुंद फळी किंवा दार आणा, चार-पाच जणांनी मिळून त्याला ओंडक्यासारखा एकसंध वळवून त्यावर घ्या आणि आडवाच न्या.

पायावर पडलेल्याची टाच मोडते आणि सगळ्यांचे लक्ष सुजलेल्या पायाकडे जाते. टाच मोडलेल्या साधारण दहांतील एकाच्या कमरेचा मणकाही मोडलेला असतो. म्हणून पाठीचा एक्स-रे झाला का, हे तुम्ही स्वतः विचारा. मालीश करणाऱ्याकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका.

पहिल्या तपासणीत सगळे ठीक वाटले तरी पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे ही डोक्यातील रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात. डाव्या बरगडीखाली मार लागला असेल आणि पोट किंवा डावा खांदा दुखू लागला, घाम येऊन चक्कर आली, तर प्लीहा फाटलेली असू शकते. कधी कधी हे काही दिवसांनीही होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात जा.

विजेची तार

ओली फांदी किंवा धातूची आकडी तारेला लागली की वीज शरीरातून जाते. 11000 व्होल्टच्या तारेला तर स्पर्शही व्हावा लागत नाही, जवळ गेले तरी पुरते. कोरड्या काठीने तार बाजूला करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अशा तारेसाठी घातक आहे. किमान 10 मीटर लांब राहा, 1912 वर कळवा आणि वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावरच जवळ जा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहा. भाजल्याची खूण रुपयाएवढीच असली तरी आतील स्नायू जळलेले असू शकतात. ईसीजी करून घ्या. लघवी चहासारखी काळपट झाली तर मूत्रपिंडांना धोका आहे असे समजा.

यंत्राची करवत

पाते टोकाने लाकडाला लागले की करवत उसळून अंगावर येते. स्वच्छ कापडाने जखम किमान दहा मिनिटे न उघडता घट्ट दाबून धरा. हळद, तंबाखू, चुना भरू नका. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला थेट बर्फ लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्याच.

आग्या मोहोळ

काटे नखाने खरवडून लवकर काढा. कसे काढले यापेक्षा किती लवकर काढले हे महत्त्वाचे. ओठ-जीभ सुजणे, घरघर, चक्कर यांपैकी काही दिसले तर मिनिटांत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मिळायला हवे. घरची ॲलर्जीची गोळी त्याला पर्याय नाही.

कोणी चढू नये

फिट येणारे, चक्कर येणारे, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी निघणारे, आणि दारू घेतलेले. रात्रीची उतरली आहे असे वाटते, पण तोल परत आलेला नसतो. शेवग्याच्या फांदीवर तर कोणीच भरवसा ठेवू नये.

खर्चाचे

रुग्णालयात पोहोचताच आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होते का ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या. 18 ते 70 वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास त्यात 2 लाख रुपये मिळतात. घरातला माणूस झाडावर चढत असेल तर या वर्षीचे 20 रुपये खात्यातून कापले गेले का, हे पासबुकात पाहून घ्या.