अश्व आणि आरोग्य

दूधगंगेकाठच्या सदलग्याहून निपाणी काही फार दूर नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर ‘सरलष्कर’ म्हणून गाजले, ते घोडदळाच्या बळावर. त्या काळी स्वारांचे दोन वर्ग असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. घोडा मेला की शिलेदारी संपली. म्हणून स्वतःच्या भाकरीआधी त्याला घोड्याच्या तोबऱ्याची चिंता.

राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीस लिहिलेले पत्र श्रोत्यांच्या परिचयाचे असेल. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणागवत आधीच उधळाल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, असे महाराज बजावतात. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथवर त्यांची दृष्टी पोचते! एवढ्या जिव्हाळ्याने सांभाळलेला हा प्राणी आमच्या इतिहासात मात्र बहुधा रणांगणावरच भेटतो.

रुग्णाचा सोबती म्हणून तो जगापुढे आला, तो लिझ हार्टेल या डॅनिश महिलेमुळे. १९४४ साली पोलिओने त्यांच्या गुडघ्यांखालील पायांतले बळ गेले. घोड्यावर चढण्याउतरण्यासही मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ‘ज्युबिली’ घोडीवर बसून त्यांनी अश्वारोहणातील रौप्यपदक मिळविले. पाय पूर्ववत झाले नव्हते, हे विसरता कामा नये. घोडा म्हणजे काही धन्वंतरी नव्हे. पण तो सावकाश चालू लागला म्हणजे स्वाराची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे आणि वरखाली हलते, आणि माणूस स्वतः चालताना ती जवळजवळ अशीच हलत असते. अधू माणसाला चालण्याची ही लय घोड्याकडून उसनी मिळते. तोल सुधारतो, स्नायूंना वळण लागते. शिवाय स्वाराचा उतावळेपणा वा भीती घोड्याला तत्काळ कळते, त्यामुळे स्वारालाही मन स्थिर ठेवावे लागते. जुन्या शिलेदारास हे कोणी शिकवावे लागले नसेल.

घोड्याचा आणखी एक उपकार आमच्या शेतकऱ्यांना ठाऊक असावा. सर्पविषाच्या अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचल्या की त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये निर्माण होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर दवाखान्यात दिले जाणारे इंजेक्शन त्याच रक्तापासून बनते. उसाच्या फडात साप चावलेल्या माणसाला आजही तेच टोचतात.