बोरघाटातील मजूर स्त्री आणि आपली ऐतिहासिक कादंबरी



ऐतिहासिक कादंबरी म्हटली म्हणजे गड, वाडे, पालख्या आणि राजस्त्रिया आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्यात वावगे काही नाही. परंतु पेशवाई बुडून चाळीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा पुण्यापासून चाळीस मैलांवर, खंडाळ्याच्या उतारावर, हजारो माणसांची एक वसाहत उभी राहिली आणि काम संपताच मोडली. त्या वसाहतीतील स्त्री आपल्या कादंबरीत कशी यावी, याविषयी मी आज बोलणार आहे. मी शाळेत फारसा शिकलेलो नाही. जे वाचले ते कामगारांची गाऱ्हाणी सोडवता सोडवता वाचले, आणि त्याच नजरेने हा विषय मांडतो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्याला आली. १८५८ साली खंडाळा ते पुणे ही गाडी सुरू झाली. मधे घाट तेवढा उरला. उतारूंनी घाटाखाली उतरावे, डोलीने, तट्टावर किंवा बैलगाडीने वर यावे आणि पुन्हा गाडीत बसावे, असा प्रकार होता. हा घाट फोडण्याचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांवर चढण, २५ बोगदे आणि ८ मोठे कमानपूल! १८६१ साली काम ऐन भरात असताना ४२ हजारांवर माणसे तेथे राबत होती.

ही माणसे एकटीदुकटी आली नव्हती. वडारांसारखे मातीकाम करणारे लोक कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन हिंडत. पुरुषाने खणावे, सुरुंग ठासावा. बायकोने आणि पोरांनी पाटी वाहावी. कड्यावर दोराने माणसे सोडून सुरुंगाची भोके पाडीत. पावसाळ्यात काम बहुतेक थांबे आणि पुष्कळ लोक गावी परतत. झोपड्यांतून पटकी आणि हिवताप यांनी फार माणसे नेली.

आता कादंबरीकाराला येथे एक नायिका आयतीच मिळते. पहिला ठेकेदार फॅव्हिएल याने १८५९ साली काम सोडले. ते सॉलोमन ट्रेडवेल या दुसऱ्या इंग्रजाने घेतले, पण हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने परत न जाता ठेका आपल्याकडे घेतला, ॲडमसन आणि क्लाउझर या दोघांकडे देखरेख सोपवली आणि काम तडीस नेले. परक्या मुलखात, नुकते वैधव्य आलेले, आणि एवढा व्याप! तिच्यावर कादंबरी अवश्य लिहावी.

पण ॲलिसचे नाव आपल्याला ठाऊक झाले ते ठेका तिच्याकडे होता म्हणून. पाटी वाहणारी बाई हजेरीत केवळ आकडा म्हणून उरली. कादंबरीकाराचे खरे काम येथेच सुरू होते, कारण कागद जेथे थांबतो तेथून कल्पनेला वाट असते. मात्र त्या वाटेवर एक धोका आहे. अशा बाईला आपण एक तर केविलवाणी करतो, नाही तर देवी करतो. दोन्ही प्रकारांत ती मुकीच राहते.

ती मुकी नव्हती, याला आधार आहे. १८५९ च्या जानेवारीत घाटात मोठा दंगा झाला. त्याचे मूळ थकलेल्या मजुरीत होते. कंपनी मोठ्या ठेकेदाराला पैसे देई, तो पोटठेकेदाराला देई, आणि शेवटच्या हातापर्यंत पोचेपर्यंत दाम वाटेतच आटत असे. सरकारला चौकशी करावी लागली, आणि १८६० साली मालक व मजूर यांच्या तंट्यांचा कायदा आला. मजुरीचा निकाल झटपट लागावा ही त्यातील सोय. पण काम टाकून जाणाऱ्या मजुराला तुरुंगाची भीतीही त्याच कायद्याने घातली. तो रद्द व्हायला १९३२ साल उजाडले.

मग विचार करा, की झोपडीत चूल पेटवणाऱ्या बाईला आपले किती दिवसांचे येणे आहे हे ठाऊक नसेल काय? वाण्याची उधारी तिच्याच तोंडपाठ असणार. माझा अनुभव असा, की कोणत्याही थकबाकीचा नेमका आकडा घरची बाई सांगते.

आपल्या वाङ्मयाचा योगायोग पाहा. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली, घाटात सुरुंग उडत असतानाच, प्रसिद्ध झाली. तिने विधवांचे दुःख वेशीवर टांगले. पुढे १८७१ साली गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली, ती शिवकाळाकडे वळली. हरिभाऊ आपट्यांची पुण्याची यमू मुंबईला बिऱ्हाड करते. त्या काळी पुण्याहून मुंबईला जाणारी आगगाडी याच बोगद्यांतून जाई. पण ते खोदताना माती वाहणारी कादंबरीबाहेरच राहिली.

साधने नाहीत, ही सबब पुरी पडत नाही. इंजिनियरांचे अहवाल आहेत, सरकारी चौकशीचे कागद आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीपासून आरंभ करून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. कष्टकरी बाई स्वतःविषयी कोणत्या शब्दांत बोलते, ते त्यांत सापडते. वडारणीची भाषा निराळी असेल, पण कान तयार व्हायला एवढे पुरे.

समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला. तरीही रस्त्याच्या कामावर घमेले उचलणाऱ्या बाईला विचारा, की शेजारच्या गड्याइतके तिला मिळते काय. म्हणून हा विषय मला जुना वाटत नाही.

तेव्हा पुण्याच्या लेखक-लेखिकांना माझी विनंती एवढीच आहे. घाटातील बाईला नाव द्या, गाव द्या, तिला रडू द्या, हसू द्या; पण तिची किती मजुरी कोणाकडे अडकली होती, तेही तिच्या तोंडून वदवा.